लॉटरी चालते ती शेवटच्या पायरीवर

सिडनीच्या बंदरावर शिडे उभारलेल्या जहाजासारखे दिसणारे ऑपेरा हाऊस आपल्यापैकी बहुतेकांनी निदान कॅलेंडरवर तरी पाहिलेले असते. यॉर्न उट्झन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा १९५७ मध्ये निवडला गेला, तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३५ लाख पौंडांचा, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख डॉलरचा. १९७३ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा हिशेब १० कोटी २० लाख डॉलरवर गेला होता. एवढा पैसा आला कोठून? त्यातला बहुतेक पैसा आला लॉटरीच्या तिकिटांतून. न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांच्या सरकारने १९५७ मध्ये खास या इमारतीसाठी लॉटरी काढली आणि ती १९८६ पर्यंत चालू राहिली. ज्यांनी जन्मात ऑपेरा ऐकला नाही आणि पुढेही ऐकण्याची शक्यता नव्हती, अशा असंख्य कारकून, कामगार आणि गृहिणींनी आपल्या खिशातल्या नाण्यांतून ही इमारत उभी केली.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे दोन तऱ्हांनी बोलतात. काही म्हणतात, वा, थेंबे थेंबे तळे साचे ते हेच! काही म्हणतात, म्हणजे गरिबाच्या आशेवर श्रीमंताची करमणूक! मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण निवाडा करण्याआधी हे यंत्र चालते कसे ते समजून घ्यावे, असे मला वाटते. मी हयातभर शाळेत गणित शिकवले. मुलगा आणि सून मेलबर्नला असतात, त्यामुळे निवृत्तीनंतर तेथे चार-पाच वेळा जाणे झाले. तेथल्या लॉटरीने माझे कुतूहल चाळवले ते पैशांसाठी नव्हे, तिच्यातल्या हिशेबासाठी. आणि हिशेब मांडून पाहिल्यावर माझे मत असे झाले, की सारे जग लॉटरीच्या पहिल्या बक्षिसाकडे पाहते, पण लॉटरी चालते ती शेवटच्या बक्षिसावर.

रुग्णालयासाठी जुगार

ऑस्ट्रेलियात लॉटरी हा प्रकार जुना आहे. जॉर्ज ॲडम्स या गृहस्थाने १८८१ मध्ये सिडनीत घोड्यांच्या शर्यतींवर तिकिटे काढायला सुरुवात केली. त्याच्या हॉटेलाचे नाव टॅटरसॉल्स, म्हणून लॉटरीही 'टॅटरसॉल्स' झाली. सिडनीत कायद्याने अडवले तेव्हा तो क्वीन्सलँडला गेला, तेथेही अडवले तेव्हा त्याने टास्मानिया बेट गाठले. तो १९०४ मध्ये वारला, पण धंदा चालतच राहिला आणि १९५४ मध्ये मेलबर्नला आला. आजही तेथली माणसे लाडाने 'टॅट्स' म्हणतात ते त्याच नावाचे शेपूट.

ज्या सरकारांनी आधी या माणसाला दारोदार हिंडवले, त्याच सरकारांनी पुढे स्वतःची दुकाने थाटली. क्वीन्सलँडमध्ये १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या मदतीसाठी 'गोल्डन कास्केट' निघाली. पुढे ती सरकारने हाती घेतली आणि तिच्यातून रुग्णालये आणि माता-बालकांची केंद्रे उभी राहिली. १९३१ मध्ये, जागतिक मंदीने लोक हवालदिल झाले असताना, न्यू साउथ वेल्सच्या सरकारने रुग्णालयांच्या खर्चासाठी लॉटरी काढली. पाठोपाठ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने काढली. साउथ ऑस्ट्रेलिया हे राज्य या बाबतीत सोवळे. तेथे १९६५ मध्ये चक्क सार्वमत घेतले गेले, लोकांनी 'हो' म्हटले आणि १९६७ मध्ये तेथेही लॉटरी आली.

जुगाराला जी जनलज्जा असते, ती 'रुग्णालयासाठी' या एका शब्दाने धुऊन निघाली. तिकीट घेणाऱ्याचे समाधान असे, की लागली तर लागली, नाहीतर कोणा आजाऱ्याच्या खाटेला हातभार लागला. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली! फरक इतकाच, की येथे मोडून खाणारे दुसरे कोणी असते.

एक सोडत, चार नावे

१९७२ मध्ये मेलबर्नला 'टॅट्सलोटो' सुरू झाला आणि खेळाची तऱ्हा बदलली. तोवरची लॉटरी आपल्याकडच्यासारखी होती. छापील क्रमांकाचे तिकीट घ्यायचे आणि वाट पाहायची. आता आकडे आपण निवडायचे आणि फिरत्या पिंपातून चेंडू बाहेर पडताना घरी दूरचित्रवाणीवर पाहायचे. नशिबाच्या कामात स्वतःचा हात लागतो असे वाटले, की माणूस त्यात अधिक गुंततो. हे मानसशास्त्र त्या पिंपात पहिल्या दिवसापासून होते.

आज शनिवारी रात्री जी मुख्य सोडत होते, तिची एक गंमत आहे. व्हिक्टोरिया आणि टास्मानियात तिला टॅट्सलोटो म्हणतात, क्वीन्सलँडमध्ये गोल्ड लोटो, साउथ ऑस्ट्रेलियात एक्स लोटो आणि सिडनी-पर्थकडे नुसते सॅटर्डे लोटो. नावे चार, पण पिंप एकच, चेंडू तेच आणि बक्षिसाची रक्कमही सगळ्या राज्यांची मिळून एकत्र. एकाच देवाला गावोगाव वेगळे नाव असावे तसे हे. प्रत्येक राज्याची लॉटरी वेगळ्या कायद्याने जन्मली, पण मोठे बक्षीस दाखवायचे तर मोठा गल्ला हवा, म्हणून हळूहळू सगळ्यांनी हात मिळवले. मात्र 'आमची लॉटरी' ही भावना जाऊ नये म्हणून पाट्या जुन्याच ठेवल्या.

पायऱ्यांचा जिना

आता प्रत्यक्ष खेळ पाहू. १ ते ४५ या आकड्यांतून ६ निवडायचे. सोडतीत आधी ६ मुख्य चेंडू निघतात, मग २ पूरक चेंडू. ४५ मधून ६ आकडे निवडण्याच्या तऱ्हा होतात ८१,४५,०६०. अकरावीच्या वर्गात ज्यांनी समचयाची गणिते केली असतील त्यांनी पडताळून पाहावे. म्हणजे एका खेळाला पहिले बक्षीस लागण्याची शक्यता ८१ लाखांत एक. दर शनिवारी एक खेळ याप्रमाणे एखादा चिरंजीव खेळत बसला, तर सरासरीने दीड लाखाहून अधिक वर्षांत एकदा त्याला ते लागेल.

इतक्या दूरच्या आशेवर माणूस आठवडाभरही तग धरणार नाही. म्हणून बक्षिसांचे विभाग केलेले असतात, त्यांना तेथे डिव्हिजन म्हणतात. शनिवारच्या खेळात ते सहा आहेत. सहाही मुख्य आकडे जुळले तर पहिला विभाग. पाच मुख्य आणि निदान एक पूरक जुळला तर दुसरा, नुसते पाच जुळले तर तिसरा, चार जुळले तर चौथा. तीन मुख्य आणि निदान एक पूरक जुळला तर पाचवा आणि नुसते तीन जुळले तर सहावा.

प्रत्येक पायरीचा हिशेब मी कागदावर मांडला. ८१ लाखांच्या त्या ढिगात पहिल्या विभागाची एक जुळणी. दुसऱ्याच्या १२, तिसऱ्याच्या २२२, चौथ्याच्या ११,११५, पाचव्याच्या २७,३८० आणि सहाव्याच्या १,५५,४००. एकूण १,९४,१३०. भागाकार केला की कोणतेही एक बक्षीस लागण्याची शक्यता येते ४२ मध्ये एक. हा आकडा तेथे जाहीरपणे सांगितला जातो आणि तो खरा आहे. पण त्याच बेरजेकडे दुसऱ्या बाजूने पाहा. १०० विजेत्या खेळांपैकी ९४ हे शेवटच्या दोन विभागांतले असतात. तिकिटावर नाव असते ते एकाचे, गर्दी असते ती या चौऱ्याण्णवांची.

शेवटच्या विभागाची रक्कम किरकोळ असते. चार माणसांच्या कुटुंबाचे बाहेरचे जेवण काही तीत होणार नाही. पण ती किती वेळा येते ते महत्त्वाचे. फार थोडे लोक एकच खेळ घेतात. एका तिकिटावर १२ खेळ घेणाऱ्याला ४२ मध्ये एक या हिशेबाने साधारण तीन-साडेतीन आठवड्यांतून एकदा काहीतरी लागते, म्हणजे जवळजवळ महिन्याच्या पगारासारखे! आणि लागलेले ते थोडके पैसे बहुधा त्याच काउंटरवर पुढच्या शनिवारच्या तिकिटात जातात. दात कोरून पोट भरत नाही हे खरे, पण पुन्हा पंगतीला बसावेसे मात्र वाटत राहते.

वाटणीचे शास्त्र

रक्कम ठरते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या छापील तिकिटावर 'पहिले बक्षीस इतके रुपये' असे ठरलेले असते. तेथल्या मोठ्या खेळांत विक्रीच्या साधारण ६० टक्के रक्कम बक्षिसांसाठी बाजूला निघते. तिचा कितवा हिस्सा कोणत्या विभागाला हे नियमांत आधीच लिहिलेले असते आणि त्या त्या विभागातले सगळे विजेते तो हिस्सा आपसांत समान वाटून घेतात. विजेते कमी तर वाटा मोठा, जास्त तर लहान.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. कोणते आकडे येतील हे कोणाच्याच हाती नसते, पण आलेले बक्षीस किती जणांत वाटावे लागेल हे थोडेफार आपल्या निवडीवर असते. पुष्कळ लोक मुलांचे वाढदिवस, लग्नाची तारीख असे आकडे घेतात. ते सगळे १ ते ३१ च्या आत! त्या टापूतले आकडे निघाले की वाटेकरी वाढण्याचा संभव अधिक. प्रेमाने निवडलेल्या आकड्यांची लॉटरीत अशी किंमत मोजावी लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'ओझ लोटो' या मंगळवारच्या खेळाचे पहिले बक्षीस साचत साचत ११ कोटी २० लाख डॉलरवर गेले, तेव्हा ते चौघांत वाटले गेले. १ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पॉवरबॉल' या गुरुवारच्या खेळाचे बक्षीस २० कोटी डॉलर होते. ते दोन तिकिटांना निम्मे निम्मे मिळाले. पहिला विभाग कोणालाच लागला नाही, तर त्याची रक्कम पुढच्या सोडतीत मिळवली जाते. त्यालाच जॅकपॉट चढणे म्हणतात. लागलेल्या रकमेवर तेथे प्राप्तिकर नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे मोठ्या बक्षिसातले ३० टक्के आधी सरकारजमा होतात.

सगळ्या जुळण्या विकत घेऊन टाकल्या तर? हा प्रश्न वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी. तो कोणी प्रत्यक्ष सोडवूनही पाहिला आहे. स्टीफन मँडेल हा रुमानियातून येऊन मेलबर्नला स्थायिक झालेला हिशेबी माणूस. त्याच्या मंडळाने १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीत ७० लाखांवर जुळण्यांपैकी सुमारे ५० लाख विकत घेतल्या आणि २ कोटी ७० लाख डॉलरचे बक्षीस जिंकले. जगभर नियम कडक झाले ते अशा पराक्रमांमुळेच. या गोष्टीचे तात्पर्य एवढेच, की लॉटरीत खात्री विकत घेता येते, पण ती लाखो डॉलरच्या भांडवलावर. पाच-दहा डॉलरमध्ये मिळते ती फक्त आशा.

शिखर उंच, पायऱ्या बुटक्या

माझ्या मताचा गाभा आहे तो या खेळांत काळानुसार झालेल्या फेरफारांत. पॉवरबॉल १९९६ मध्ये सुरू झाला. २०१३ ते २०१८ या काळात त्यात ४० मधून ६ आकडे आणि वेगळ्या २० चेंडूंमधून एक पॉवरबॉल जुळवायचा असे. जुळण्या होत ७,६७,६७,६००. एप्रिल २०१८ पासून ३५ मधून ७ आकडे आणि २० मधून एक पॉवरबॉल अशी मांडणी झाली. ३५ हा आकडा ४० पेक्षा लहान, म्हणून वरवर पाहणाऱ्याला खेळ सोपा झाल्यासारखा वाटतो. पण ६ ऐवजी ७ आकडे जुळवायचे असल्यामुळे जुळण्या झाल्या १३,४४,९०,४००. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली होती. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या हाती एकेक वेगळी जुळणी दिली, तरी दोन कोटींहून अधिक जुळण्या शिल्लक राहतील!

मग लोक पळून कसे गेले नाहीत? कारण त्याच वेळी खालच्या पायऱ्या बुटक्या केल्या गेल्या. आठ विभागांचे नऊ झाले. काहीतरी लागण्याची शक्यता आधी ७८ मध्ये एक होती, ती ४४ मध्ये एक झाली. नुसते दोन आकडे आणि पॉवरबॉल जुळला तरी नववा विभाग लागतो. म्हणजे कोट्यधीश होणे पाऊणपट अधिक अवघड झाले आणि चहापाण्यापुरते जिंकणे सोपे झाले.

हा योगायोग म्हणावा, तर २०२२ मध्ये आणखी दोन खेळांत तसेच घडले. ओझ लोटोमध्ये ४५ ऐवजी ४७ आकडे आणि दोनऐवजी तीन पूरक चेंडू आले. पहिल्या विभागाच्या जुळण्या ४ कोटी ५३ लाखांवरून ६ कोटी २८ लाखांवर गेल्या आणि किरकोळ बक्षिसांची शक्यता किंचित वाढली. शनिवारच्या खेळात पहिल्या विभागाला धक्का लावला नाही, पण सहाव्या विभागाची अट सोपी करून काहीतरी लागण्याची शक्यता ८५ मध्ये एकवरून ४२ मध्ये एक, म्हणजे थेट दुप्पट केली.

यात फसवणूक नाही, हे मी आवर्जून सांगतो. सगळे नियम छापलेले, सगळ्या शक्यता जाहीर. पण योजना स्पष्ट दिसते. शिखर जितके उंच तितकी जॅकपॉटची बातमी मोठी आणि त्या बातमीने गिऱ्हाईक दुकानात येते. पायऱ्या जितक्या बुटक्या तितके ते पुन्हा पुन्हा येत राहते. पहिला विभाग ही जाहिरात आहे, शेवटचा विभाग हा धंदा आहे.

माझ्या सूनबाईच्या कचेरीत बाराजण मिळून दर आठवड्याला तिकीट काढतात. ती स्वतः हिशेबतपासनीस, म्हणजे आकड्यांना भुलणारी बाई नव्हे. मी हा सगळा हिशेब तिच्यापुढे मांडला, तेव्हा ती हसून म्हणाली, ''बाबा, हे मला ठाऊक आहे. मी काही जिंकायला पैसे भरत नाही. पण उद्या या अकराजणांना लागली आणि ते सगळे राजीनामा देऊन निघून गेले, तर मी एकटीने तिथे काय करायचं?'' या उत्तरावर गणिताच्या मास्तराकडे उत्तर नव्हते. तिने घेतलेले तिकीट हा जुगार नव्हता, तो एक प्रकारचा विमा होता. सोबत्यांनी मागे टाकू नये म्हणून भरलेला हप्ता! माणसे लॉटरी का खेळतात याचे अर्धे तरी उत्तर हावेत नसून अशा साध्या भीतीत आणि सोबतीत असते, हे मी तेव्हापासून मानतो.

उजेडातला विजेता

पहिल्या विभागाची एक काळी कहाणीही आहे. १९६० साली ऑपेरा हाऊस लॉटरीचे एक लाख पौंडांचे बक्षीस सिडनीतल्या एका फिरत्या विक्रेत्याला लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याचे नाव आणि पत्ता वृत्तपत्रांत छापून आला. काही आठवड्यांतच त्याच्या आठ वर्षांच्या मुलाला शाळेच्या वाटेवरून पळवून नेले गेले. खंडणी मागितली गेली आणि पुढे त्या बाळाचा मृतदेह सापडला. गुन्हेगाराला जन्मठेप झाली. त्यानंतर विजेत्यांना आपले नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली. आज तेथे कोट्यवधी जिंकणारा माणूस बहुधा बिननावाचा असतो. ज्या बक्षिसाचे स्वप्न साऱ्या देशाला विकले जाते, ते प्रत्यक्ष लागल्यावर लपवावे लागते, ही यातली विसंगती मला बोचते.

चाळीस टक्क्यांचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शंभरातले साठ बक्षिसांत गेले. उरलेल्या चाळिसांचे काय? त्यातला मोठा भाग करापोटी राज्य सरकारांकडे जातो. राहिलेला तिकीट विकणाऱ्या दुकानदाराला आणि लॉटरी चालवणाऱ्याला. पूर्वी चालवणारे हात बहुतेक राज्यांत सरकारचेच होते. क्वीन्सलँडने २००७ मध्ये, न्यू साउथ वेल्सने २०१० मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये आपापली लॉटरी चालवण्याचे हक्क टॅट्स कंपनीला दिले. २०१७ मध्ये ही कंपनी टॅबकॉर्प या जुगारातल्या दुसऱ्या बड्या कंपनीत विलीन झाली आणि २०२२ मध्ये लॉटरीचा भाग वेगळा काढून 'द लॉटरी कॉर्पोरेशन' ही स्वतंत्र कंपनी शेअर बाजारात आली. जॉर्ज ॲडम्सला दारोदार हिंडवणाऱ्या राज्यांनी अखेर घराच्या किल्ल्या त्याच्याच वारसदार कंपनीच्या हाती दिल्या!

अपवाद एकट्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा. तेथली लोटरीवेस्ट अजून सरकारी आहे. तिचा नफा रुग्णालये, क्रीडा आणि कला यांना जातो, शिवाय गावोगावच्या संस्थांना थेट अनुदाने मिळतात. तिकडच्या माणसाला आपल्या हरलेल्या तिकिटाचे काय झाले हे निदान डोळ्यांनी दिसते. एखाद्या सभागृहाचे छप्पर, एखाद्या संस्थेची गाडी. इतर राज्यांत सरकारला कर मिळतो हे खरे, तो चांगल्या कामीही लागत असेल. पण तो मोठ्या तिजोरीत मिसळून जातो आणि हरणाऱ्याला समाधानाचा तो जुना तुकडा हाती लागत नाही. 'रुग्णालयासाठी' हा शब्द जुगाराच्या पाटीवरून कधी पुसला गेला ते कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढे मनाला लावून घेऊ नका. त्या देशात पब आणि क्लबांत मांडलेल्या जुगारयंत्रांवर लोक लॉटरीच्या कितीतरी पट पैसे घालवतात, संसार उद्ध्वस्त होतात ते तिकडे. हे म्हणणे रास्त आहे. आठवड्यातून एकदा तिकीट घेणारा माणूस आणि यंत्रापुढे रात्र काढणारा माणूस यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. लॉटरीवर बंदी घाला असे मी म्हणणार नाही. बंदीने काय होते ते आपण मटक्याच्या रूपाने मुंबईत पाहिले आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली ती काही उगाच नव्हे.

माझे म्हणणे इतकेच, की राज्याच्या परवानगीने आशा विकायची असेल तर तिचा पुरा हिशेब गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. शक्यता जाहीर करण्याची ऑस्ट्रेलियन पद्धत चांगली आहे, ती आपल्याकडच्या तिकिटांनीही उचलावी. पण तेवढ्याने भागत नाही. '४२ मध्ये एक' असे मोठ्या अक्षरांत सांगायचे असेल, तर त्यातली चौऱ्याण्णव टक्के बक्षिसे शेवटच्या दोन विभागांतली आहेत हेही त्याच अक्षरांत सांगावे. आणि शंभरातले चाळीस कोठे जातात, कोणते छप्पर, कोणती खाट, कोणाचा लाभांश, हे तिकिटाच्या पाठीवर छापावे. ऑपेरा हाऊसचे तिकीट घेणाऱ्याला निदान ठाऊक तरी होते, की आपण हरलो तर काय उभे राहणार आहे.

घरात मुले असतील तर एखाद्या रविवारी ४५ चिठ्ठ्या करून हा खेळ त्यांच्याबरोबर अवश्य खेळून पाहा. मी माझ्या नातवाबरोबर खेळलो. प्रत्येकाने सहा आकडे लिहायचे आणि डब्यातून सहा चिठ्ठ्या काढायच्या. शंभर सोडतींनंतर त्याच्या वहीत तीन आकडे जुळल्याच्या दोन खुणा होत्या, चार जुळल्याची एकही नव्हती. त्याने थोडा विचार करून विचारले, ''आजोबा, मग सहा जुळतात ते कोणाला?'' मी म्हटले, ''कोणाला तरी नक्की जुळतात. पण आपल्यासारख्यांनी आधी शेवटून वाचायला शिकावे.'' बक्षिसांची यादी हाती आली की डोळे आपोआप वरच्या ओळीकडे जातात. शहाण्याने बोट ठेवावे ते सर्वांत खालच्या ओळीवर. तेथे जे मिळते तेवढ्यासाठी आपण हे तिकीट घेतले असते का, असे स्वतःला विचारावे आणि मगच पाकिटात हात घालावा.